तोंड झाकून गाणारा भाचा आणि एमएफ डूम

पारसिक
नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण घणसोलीला राहते. तिचा मुलगा २३ वर्षांचा आहे आणि रबाळ्याला एका गोदामात माल पाठवणीचे काम करतो. गेली तीन वर्षे तो मराठीत रॅप लिहितो. रविवारी संध्याकाळी वाशीच्या मिनी सीशोअरला दहा-पंधरा मुले गोल करून उभी राहतात आणि एकामागून एक गातात. या गोलाला ती मुले सायफर म्हणतात. भाचाही तिथे गातो, पण दरवेळी चेहऱ्यावर कापडी मुखवटा बांधून. मागच्या आठवड्यात बहिणीचा फोन आला. "दादा, तोंड लपवून गाणारा कसला गायक? याने कुणाचे काय चोरले आहे का?"

भाच्याने मुखवटा कुठून घेतला हे मला ठाऊक आहे, कारण मुखवटा घालून गाणारा रॅपर एमएफ डूम त्याला मीच ऐकवला. मी स्वतः २००५ पासून ऐकतो आहे. ज्यांनी ऐकला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मूळ नाव डॅनियल डुमिले, जन्म १९७१, लंडन. आई त्रिनिदादची, वडील झिम्बाब्वेचे. तो लहान असतानाच कुटुंब न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडला गेले. धाकट्या भावाबरोबर त्याने केएमडी नावाचा गट काढला आणि १९९१ मध्ये एलेक्ट्रा या मोठ्या कंपनीकडून त्यांचा पहिला अल्बम आला. तेव्हा हा उघड्या चेहऱ्याने, झेव्ह लव्ह एक्स या नावाने गात असे. १९९३ मध्ये दुसरा अल्बम जवळजवळ तयार असताना भाऊ, सबरॉक, रस्ता ओलांडताना मोटारीखाली सापडून गेला. तो १९ वर्षांचा होता. पुढच्या वर्षी कंपनीने मुखपृष्ठ वादग्रस्त ठरेल म्हणून तो अल्बमच रद्द केला आणि गटाशी असलेला करार संपवला. साधारण वर्षभरात भाऊ, कंपनी आणि केलेले काम असे सगळेच हातून गेलेला हा माणूस त्यानंतर काही वर्षे कुणाला दिसला नाही. नव्वदीच्या अखेरीस तो न्यूयॉर्कच्या एका कविता-कॅफेत चेहऱ्यावर बायकांचा पायमोजा ओढून उभा राहिला आणि १९९९ मध्ये एका अगदी छोट्या कंपनीकडून त्याचा पहिला एकल अल्बम आला. धातूचा मुखवटा त्याच सुमारास आला आणि शेवटपर्यंत राहिला.

माझे प्रश्न दोन आहेत. असे अंडरग्राउंड राहणे ही कलावंताची निवड असते की नाइलाज? आणि दुसरा माझ्यासाठी अधिक निकडीचा आहे: बहिणीला मी काय सांगावे?

रबाळेकर
मुलाने नोकरी सोडली आहे का? नसेल, तर बहिणीला आधी तेच सांगा. मी त्याच पट्ट्यात सोळा वर्षे काम करतो आहे. पाठवणी विभागात महिनाअखेरीला बारा-बारा तास उभे राहावे लागते. त्यानंतर जो मुलगा घरी जाऊन लिहायला बसतो, तो उनाड नक्कीच नाही.

ओवी
पारसिकदादा, मी ठाण्यात बत्तीस वर्षे मराठी शिकवले आणि आता निवृत्त आहे. रॅप मला माझ्या विद्यार्थ्यांमुळे कळू लागला. आपल्या बहिणीला विचारा, तिने कधी बोहाडा पाहिला आहे का? जव्हार-मोखाड्याचा भाग २०१४ मध्ये पालघर जिल्ह्यात जाईपर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. मी तिथे नोकरीच्या सुरुवातीला दोन वर्षे काढली. रात्री संबळ वाजू लागतो, टेंभे पेटतात आणि कागदाच्या लगद्याचे मोठाले मुखवटे बांधून देवदानवांची सोंगे एकेक करून नाचत येतात. मुखवट्याआड शेजारचा कोण आहे हे गावाला पक्के माहीत असते, तरीही सोंग समोर आले की लोक हात जोडतात. तिथे मुखवटा लपण्यासाठी नसतो. रोजचा माणूस बाजूला ठेवून दुसरे कुणीतरी होण्यासाठी तो बांधायचा असतो.

डूमने तरी दुसरे काय केले? तो एकाच नावाने थांबला नाही, हे मला विद्यार्थ्यांनी सांगितल्यावर मी आवर्जून शोधून वाचले. २००३ या एकाच वर्षी त्याने एक अल्बम व्हिक्टर व्हॉन या नावाने केला आणि दुसरा किंग गिडोरा या तीन तोंडांच्या राक्षसाच्या नावाने. प्रत्येकाचा स्वभाव निराळा, बोलण्याची ढब निराळी. आमच्या नाथांनी भारुडात हेच केले आहे. जोशी, वासुदेव, आंधळा, विंचू चावलेली बाई अशी किती सोंगे त्यांनी घेतली, आणि प्रत्येक सोंगाच्या तोंडी त्याची त्याची भाषा दिली. शेवटच्या ओळीत मात्र "एका जनार्दनी" ही नाममुद्रा येते. डूमही ओळीओळीत स्वतःचे नाव गुंफतो, जणू मुखवट्यावर सही करतो आहे.

कोपरी_पूर्व
थोडे विषयांतर करतो, पण विषयाला धरूनच. अंडरग्राउंडला मराठीत भूमिगत म्हणतात आणि हा शब्द आमच्या घरी जपून वापरला जाई, कारण आजोबा १९४२ मध्ये साताऱ्याकडे भूमिगत होते. ज्यांना पकडले जाण्याची भीती होती, पण ज्यांचे काम थांबून चालणार नव्हते, त्यांचा तो शब्द आहे. त्याच वर्षी मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी जागा बदलत बदलत गुप्त रेडिओ चालवत होते. कुणी बोलतो आहे हे ऐकणाऱ्याला दिसत नव्हते, आवाज मात्र घराघरात पोहोचत होता. गायकाला हा शब्द लावावा की नाही याबद्दल माझ्या मनात शंका आहे, कारण त्याच्या जिवावर बेतलेले नसते.

मध्यलय
मी कोपरखैरण्यात ध्वनिमुद्रणाचे काम करतो आणि निम्मे ग्राहक असेच मुलगे-मुली आहेत. पारसिकदादांच्या पहिल्या प्रश्नाला मी माझ्या बाजूने उत्तर देतो.

डूमचे सर्वात गाजलेले काम म्हणजे संगीतकार मॅडलिबबरोबरचा २००४ चा 'मॅडव्हिलनी'. त्यातले बरेचसे ताल मॅडलिबने ब्राझीलमध्ये हॉटेलच्या खोलीत बसून बांधले. बरोबर नेता येईल असा रेकॉर्ड प्लेअर, कॅसेट डेक आणि एसपी-३०३ हा छोटा सॅम्पलर, म्हणजे गाण्याचे तुकडे कापून वाजवणारे यंत्र, एवढेच सामान. अल्बम बाहेर येण्याच्या वर्षभर आधी त्याची कच्ची प्रत चोरीला जाऊन इंटरनेटवर पसरली होती. दुसरा कुणी असता तर त्याने हाय खाल्ली असती. डूमने आपला आवाज पुन्हा ध्वनिमुद्रित केला, आणि अधिक संथ, खालच्या पट्टीत केला. अल्बममध्ये २२ तुकडे आहेत आणि सगळे मिळून ४६ मिनिटे. बहुतेकांना ध्रुवपदच नाही. बोलणे संपले की गाणे संपते. अमेरिकेतल्या अल्बमच्या मुख्य क्रमवारीत तो १७९ व्या क्रमांकापर्यंतच पोहोचला, आणि तरीही वीस वर्षांनी माझ्याकडे येणारा प्रत्येक दुसरा मुलगा त्याचे नाव घेतो.

आता इथले सांगतो. परवा एका मुलाच्या घरी गेलो होतो. वन आरकेची खोली. त्याने कपाटाचे दोन्ही दरवाजे उघडून त्यावर आजीच्या गोधड्या टाकल्या होत्या आणि मधल्या फटीत माइक उभा केला होता. ध्वनिमुद्रण सुरू करण्याआधी पंखा बंद करायचा, फ्रिजची पिन काढायची आणि आईला सांगायचे की कुकर दहा मिनिटांनी लाव. ट्रान्सहार्बरची गाडी जवळून जाते, तेव्हा सगळ्यांनी थांबायचे. गाडी गेली की पुन्हा पहिल्यापासून. त्या गोधडीत जुनी सुती लुगडी होती आणि खरे सांगतो, माझ्या स्टुडिओतल्या महागड्या फोमइतकाच आवाज त्यांनी शोषला. मुलाने एक ओळ अकरा वेळा म्हटली. बाराव्या वेळी ती बसली, तेव्हा आईने स्वयंपाकघरातून "ही चांगली झाली" असे सांगितले. नाइलाज कुठे संपतो आणि निवड कुठे सुरू होते, हे मला त्या खोलीत उभे राहून सांगता आले नसते.

खारफुटी
सर्वांचा आदर राखून मी वेगळे मत मांडतो. डूमच्या मुखवट्याचे एवढे कौतुक होत असताना त्याने काय केले तेही सांगायला हवे. २००७ च्या सुमारास अमेरिकेतल्या त्याच्या कार्यक्रमांना दुसराच माणूस मुखवटा घालून उभा राहू लागला आणि मागे ध्वनिफीत वाजू लागली. लोकांनी तिकिटाचे पैसे मोजले होते. तो पुढे म्हणत असे की हा सगळा पात्राचा भाग आहे आणि लोकांनी दिसण्यापेक्षा ऐकण्याकडे लक्ष द्यावे. मला हे पटत नाही. गडकरी रंगायतनला नाटकाचे तिकीट काढून गेल्यावर मुख्य नटाच्या जागी त्याचा अंगरखा घातलेला कुणीतरी उभा केला, तर आपण गप्प बसू का? भाच्याला मुखवटा घेऊ द्या, पण हे शिकू देऊ नका.

पारसिक
खारफुटी, तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. त्या काळातले त्याचे वागणे आठवले की मला आजही वाईट वाटते, कारण ज्यांना फसवले गेले ते त्याचे सर्वात निष्ठावंत श्रोते होते. भाच्याबरोबर बोलताना मी हा भाग वगळला होता आणि ते माझे चुकले. आजच सांगतो.

ढोलकी
माझे वडील शाहीर होते. दिवसा वागळे इस्टेटमध्ये लेथवर काम आणि रात्री कलगी-तुऱ्याचे फड. आमचे घराणे तुऱ्याचे, म्हणजे शिवाची बाजू घेणारे, तर कलगीवाले शक्तीची. एका फडाने कूट घालायचे आणि दुसऱ्याने जागेवरच कवनात त्याची उकल करून उलटे कूट टाकायचे, अशी ती भेदिक शाहिरी. पहाट झाली तरी कुणी उठत नसे. वाशीला मी मुलांची जुगलबंदी पहिल्यांदा पाहिली तेव्हा डोळे भरून आले. तोच गोल, तोच आवेश, समोरच्याची ओळ पकडून त्याच यमकावर त्याला परत करणे तेच. फक्त डफ-तुणतुण्याच्या जागी फोनला जोडलेला स्पीकर होता.

वडिलांचे नाव कुठल्याही ध्वनिमुद्रिकेवर नाही. त्यांच्या कवनांच्या तीन वह्या माझ्याकडे आहेत, एकीची पाने तेलकट झाली आहेत, कारण ती लेथशेजारी असायची. त्यांना कुणी विचारले असते की तुम्ही यशस्वी आहात का, तर त्यांना प्रश्नच कळला नसता. मात्र एक खंत त्यांनी शेवटपर्यंत बोलून दाखवली. त्यांचे एक कवन एका कंपनीने दुसऱ्याच्या नावाने कॅसेटवर काढले, आणि त्यांच्याकडे स्वतःच्या अक्षरातल्या वहीखेरीज कोणताही पुरावा नव्हता. त्या मुलाला सांगा, लिहिलेले प्रत्येक पान तारीख घालून ठेव.

कायदा_कलम
ढोलकी यांच्या शेवटच्या वाक्यावरून लिहितो, कारण या धाग्यावर हे यायलाच हवे.

आपल्याकडे गीत लिहिताच त्यावर लेखकाचा हक्क निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. पण वाद झाल्यास तारखेचा पुरावा लागतो. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा कराराने काढून घेता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा हक्क सांभाळणाऱ्या सोसायटीला देता येतो. अशी सोसायटी म्हणजे आयपीआरएस. स्वतःची गाणी प्रसिद्ध झालेल्या गीतकाराने तिचे सदस्य व्हावे. मी आजवर ज्या रॅपर मुलांशी बोललो, त्यांतल्या बहुतेकांना ही गोष्ट माहीत नव्हती.

दुसरी बाब सॅम्पलची. जुन्या गाण्याचा तुकडा कापून त्यावर गाणे हा हिप-हॉपचा, म्हणजे रॅप ज्यातला आहे त्या संगीताचा, पाया आहे. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत दोन रेकॉर्ड प्लेअर लावले आणि गाण्यातला फक्त तालाचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला, तिथून हे सुरू झाले असे मानतात. पण १९९१ मध्ये तिथल्याच न्यायालयाने एका रॅपरविरुद्ध निकाल दिला आणि तेव्हापासून प्रत्येक तुकड्यासाठी परवानगी काढणे आले. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क ६० वर्षे टिकतो. शब्द आणि चाल यांच्यावरचा हक्क तर कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. भाच्याने एखादे जुने कोळीगीत कापून घेतले असेल, तर ते पारंपरिक आहे असे समजून चालू नये. चाल पारंपरिक असली तरी ती विशिष्ट ध्वनिमुद्रिका कुणाच्यातरी मालकीची असते. आपल्याच मावशीकडून किंवा काकूकडून ते गाणे नव्याने गाऊन घ्यावे, हा सर्वात सोपा मार्ग.

मध्यलय
आणि काकूंचा आवाज अधिक चांगला लागतो, हे मी अनुभवाने सांगतो.

निळी_लोकल
मी ऐरोलीची आहे आणि स्वतः रॅप करते. आत्तापर्यंत वाचत होते, पण मुखवट्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी उघड्या चेहऱ्याने पहिला व्हिडिओ टाकला, तेव्हा खाली शंभरेक प्रतिक्रिया आल्या. त्यांतल्या माझ्या शब्दांविषयी चार होत्या. बाकी सगळ्या केस, रंग, कपडे आणि आडनाव यांविषयी. होय, आडनाव. आडनावावरून मी कुठल्या घरची, हे ठरवून मग माझ्या ओळींना अर्थ लावला गेला. दुसऱ्या व्हिडिओत मी ओढणीने चेहरा झाकला आणि नाव फक्त टोपणनाव ठेवले. पहिल्यांदाच कुणीतरी विचारले की या ओळीत 'भरती' हा शब्द दोन अर्थांनी वापरला आहे का. वापरला होता. खाडीची भरती आणि पोलीस भरती, जिच्यासाठी माझा भाऊ तीन वर्षे पळतो आहे.

पारसिकदादांच्या बहिणीला एवढेच सांगा की आमच्यासारख्यांना मुखवट्याआडच थोडे मोकळे बोलता येते.

कोपरी_पूर्व यांनी भूमिगत या शब्दाबद्दल शंका घेतली, ती मला समजते. पण काही जण किती पणाला लावतात हेही पाहा. 'स्वदेसी' हा मुंबईचाच गट. २०१९ मध्ये आरेतल्या वारली पाड्यांसाठी त्यांनी गाणे केले, त्यात आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचाही आवाज आहे. त्या गटातला एमसी तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, गुजरातीत रॅप करायचा. मार्च २०२२ मध्ये तो अवघ्या २४ व्या वर्षी गेला. मी त्या दिवशी कॉलेजला गेले नाही. त्याला घराघरात ओळखत नव्हते हे खरे, पण मी गुजराती येत नसताना त्याच्या ओळी पाठ केल्या होत्या.

कोपरी_पूर्व
निळी_लोकल, मी माझी शंका मागे घेतो.

ओवी
निळी_लोकल, 'भरती'वरचा श्लेष वाचून मी वहीत उतरवून घेतला. मोरोपंतांच्या यमकांवर आम्ही मुलांकडून पाने भरून घेत होतो, पण त्यांच्याच वयाची मुलगी ऐरोलीत बसून असा श्लेष बांधते हे वर्गात कधी सांगता आले नाही. डूमच्या ओळींतही मला हेच दिसते. यमक फक्त ओळीच्या शेवटी न ठेवता तो ते ओळीच्या पोटात तीन-चार ठिकाणी पेरतो, आणि वाक्याचा अर्थ मात्र पुढच्या ओळीत सांडू देतो. ज्ञानेश्वरीतल्या ओवीची पहिली तीन चरणे यमकाने बांधलेली आणि चौथे आखूड, मोकळे असते. त्या मोकळ्या चरणात श्वास घ्यायला जी जागा मिळते, तशी जागा कुठे सोडायची हे ज्याला कळले, त्याला मी कवी म्हणेन.

खारफुटी
निळी_लोकल यांचे वाचल्यावर माझ्या मतात एक दुरुस्ती करतो. मुखवट्यामागे दुसऱ्याला उभे करणे चूक, हे माझे मत कायम आहे. पण मुखवटा बांधण्याचे कारण मी फक्त डूमपुरते पाहत होतो.

आणि त्याच्याबद्दलही एक गोष्ट न्यायाने सांगतो. २०१० मध्ये युरोपच्या दौऱ्यावरून परतताना त्याला अमेरिकेत प्रवेश नाकारला गेला. लहानपणापासून तिथे वाढला, पण नागरिकत्व कधी घेतलेच नव्हते. ज्या शहरांनी त्याला घडवले, तिथे त्याला पुन्हा राहता आले नाही आणि उरलेली वर्षे इंग्लंडमध्ये गेली. ३१ ऑक्टोबर २०२० ला तो वारला. जगाला ते दोन महिन्यांनी, ३१ डिसेंबरला कळले, पत्नीने सांगितले तेव्हा.

रबाळेकर
सगळे वाचले, पुष्कळ शिकायला मिळाले. पण पारसिकदादा, बहिणीला काय सांगितले? आणि नोकरीचे उत्तर तुम्ही अजून दिलेले नाही.

पारसिक
नोकरी आहे, रबाळेकर. सोडावी असे त्याच्या मनात आहे आणि बहिणीचे खरे दुखणे तेच आहे. मी भाच्याला सांगितले की डूमचे पहिले एकल गाणे आले तेव्हा त्याच्यामागे मोठ्या कंपनीतला पूर्ण अल्बम, एक बुडालेला अल्बम आणि कित्येक वर्षांची वही होती. तुझ्याकडे आज अकरा गाणी आहेत. चाळीस होईपर्यंत पगार चालू ठेव. त्याने होही म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. खारफुटींचा मुद्दा सांगितला, तेव्हा मात्र तो चटकन म्हणाला, "मामा, मी कधीच दुसऱ्याला पाठवणार नाही."

बहिणीला मी काहीच सांगितले नाही. परवाच्या रविवारी तिला घेऊन मिनी सीशोअरला गेलो आणि थोडे लांब, कठड्यापाशी उभे राहिलो. मुलगा गोलात आला तेव्हा मुखवटा असूनही तिने त्याला लगेच ओळखले, कारण डावा खांदा खाली टाकून उभे राहण्याची सवय त्याच्या वडिलांची आहे. त्याने म्हटले ते घणसोली गावाबद्दल होते. आजोबांची भातखाचरे, त्यांवर उभ्या राहिलेल्या इमारती आणि त्यांतल्याच एकीत लादी पुसायला जाणारी आई. बहीण तीन घरी काम करते हे मी इथे लिहिले नव्हते. ओठ घट्ट मिटून ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. परतताना गाडीत कोपरखैरणे गेले तरी बोलली नाही. मग म्हणाली, "खाचराला त्याने खाचार म्हटले, बाबा म्हणायचे तसेच."

काल तिच्या घरी गेलो तर शिवणयंत्रावर तो मुखवटा होता. इलॅस्टिक सैल झाले होते, ते तिने बदलले आणि आतून मलमलीचे अस्तर लावत होती. घामाने कापड ओठांना चिकटते, त्यामुळे 'ळ' नीट ऐकू येत नाही, असे तिचे म्हणणे पडले.